जो कधीच फोन करत नाही, त्याचा नंबर कधी लागणार?

प्रश्न: आमच्या संस्थेत सगळ्या विभागांचं मिळून एक संगणन केंद्र आहे. आठ जीपीयू (जड गणितं झपाट्याने करणारी कार्डं) आणि बारा साधे नोड (म्हणजे संगणक), वापरणारे नऊ संशोधन गट. दीड वर्षापूर्वी ‘तुम्हाला त्यातलं कळतं’ म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली. मी शिकवतेही, माझे दोन विद्यार्थीही तिथेच काम करतात. जो आधी जॉब, म्हणजे यंत्राने करायचं काम, टाकेल त्याचा आधी नंबर, असं ठेवलं होतं. आता एका ज्येष्ठ सरांचा गट शुक्रवारी संध्याकाळी शेकड्यांनी जॉब टाकतो आणि पुढचा आठवडाभर कुणाचा पाय शिरत नाही. परिषदेची मुदत जवळ आली की रात्री अकराला फोन येतात, ‘मॅडम, एवढा एक जॉब पुढे घ्या.’ मी घेते. नाही म्हटलं तर नाराजी, हो म्हटलं की बाकीचे म्हणतात मॅडम पक्षपाती आहेत. एका विद्यार्थ्याने तर एक जीपीयू तीन आठवडे अडवून ठेवला होता, त्यावर काहीही चालू नव्हतं. (केंद्र नवं असताना चाचणीसाठी माझ्या विद्यार्थ्यांची एक वेगळी रांग केली होती. ती अजून तशीच आहे, पण तिचा फारसा वापर होत नाही.) सगळ्यांना सारखा वाटा देऊन मोकळी होऊ का? की वाईटपणा घेऊन एकेकाला सांगत बसू?
— रात्री अकराचा फोन उचलणारी

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात ज्येष्ठ सर आहेत, नाराज सहकारी आहेत, जीपीयू अडवून बसलेला मुलगा आहे. एकच माणूस त्यात नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. तो तुम्हाला कधीच फोन करत नाही.

मी बरीच वर्षं असंच एक केंद्र सांभाळलं. एकदा वर्षाचा हिशेब काढताना दिसलं की एका पीएचडीच्या मुलीच्या खात्यावरून चार महिन्यांत एकही जॉब चाललेला नाही. मला वाटलं, हिने विषय बदलला असेल. काही दिवसांनी मी तिच्या खोलीत गेलो. टेबलावर लॅपटॉप होता, त्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली दोन खोडरबर ठेवलेले, खालून वारा जावा म्हणून. पंखा घोंघावत होता. कीबोर्डवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘बंद करू नये, चालू आहे.’ ती म्हणाली, “सर, तिकडे नंबर लागत नाही, म्हणून इथेच चालवते. एक रन नऊ दिवस चालतो.” पूर्ण डेटा लॅपटॉपला झेपेना, म्हणून तिने त्याचा दहावा हिस्सा घेतला होता. म्हणजे तिने स्वतःचा प्रश्नच लहान करून टाकला होता. त्याच महिन्यात आमच्या अहवालात ‘केंद्राचा वापर ९६ टक्के’ असं छापलं होतं आणि ते वाचून आम्ही सगळे खूश होतो.

न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत म्हणतात. तुमच्याकडे आज तेच चाललं आहे. रात्री अकराला फोन करायला तुमचा नंबर लागतो, ओळख लागते, धीर लागतो. पहिल्या वर्षाच्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. तुम्ही एकेका फोनला चांगल्या मनाने हो म्हणता, आणि प्रत्येक होकारासरशी हा मुलगा आणखी एक पायरी मागे जातो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: एकेकाला सांगत बसू नका. हो म्हणायचं की नाही हा निर्णय तुमच्या फोनवर होतो, दुखणं तिथे आहे. तो तिथून काढून रांगेच्या नियमात टाका.

आता सारख्या वाट्याचं बोलू. आठ जीपीयू, दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस: ५,७६० जीपीयू-तास. नऊ गटांत वाटले की प्रत्येकी ६४०. कागदावर फार चोख दिसतं, पण असं करू नका. कुणाचा या महिन्यात प्रयोगशाळेत डेटा गोळा करणं चालू असतं, त्याला २० तासही लागत नाहीत. कुणाचा प्रबंध तोंडावर असतो, त्याला २,००० लागतात. आणि यंत्राचा वेळ कपाटात ठेवता येत नाही. काल रात्री रिकामा गेलेला तास कायमचा गेला. कडक वाटे पाडले तर एकीकडे यंत्र रिकामं पडेल आणि दुसरीकडे मुलं खोळंबतील. हे दृश्य मी पाहिलं आहे, आणि मुलांना याच्याइतका संताप दुसऱ्या कशाचा येत नाही.

वाटा हवा, पण तो रांगेतल्या प्राधान्याचा. ही कल्पना जुनी आहे. १९८८ साली सिडनी विद्यापीठातल्या ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांनी ती नीट मांडून दाखवली: वाटा प्रोसेसला, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या एकेका कामाला, द्यायचा नाही, माणसाला द्यायचा. चारशे जॉब टाकले म्हणून चारशेपट हक्क मिळत नाही. ज्याने अलीकडे जास्त वापरलं त्याचा नंबर मागे सरकतो, ज्याने वापरलं नाही त्याचा पुढे येतो, आणि रांगेत दुसरं कुणीच नसेल तर ज्याला हवं त्याने सगळं यंत्र वापरावं. शेवटची अट विसरू नका. ज्येष्ठ सरांना पटवताना तीच उपयोगी पडेल.

तुम्ही शेड्युलरचं, म्हणजे रांग लावणाऱ्या प्रणालीचं, नाव लिहिलेलं नाही, स्लर्म आहे असं धरून चालतो. त्यात अनेक निकषांवरून क्रम ठरवणारी मल्टिफॅक्टर प्रायॉरिटी आहे आणि फेअरशेअर, म्हणजे वर सांगितलेला प्राधान्याचा वाटा, हा तिचा एक भाग आहे. इथे पुष्कळ जण फसतात. फेअरशेअरचं वजन मुळात शून्य असतं. ते मुद्दाम वाढवलं नाही तर सगळं नीट चालू दिसतं आणि रांग मात्र पूर्वीसारखीच राहते. हिशेब ठेवणारा डेटाबेसही जोडलेला हवा, त्याशिवाय कुणी किती वापरलं हे यंत्राला कळणार कुठून? जुना वापर हळूहळू माफ होतो, त्याला हाफ-लाइफ म्हणतात, आणि न बदललं तर तो सात दिवसांचा असतो. एखाद्या गटाने १,००० तास वापरले तर आठवड्याने ते ५०० धरले जातात, दोन आठवड्यांनी २५०, चार आठवड्यांनी जेमतेम ६२. तुमच्याकडे शनिवार-रविवारी धाड पडते, तेव्हा सात दिवसांत माफी जरा लवकर होते. मी १४ दिवस ठेवीन. आणि वाटा दोन पायऱ्यांचा करा: आधी गटागटांत, मग गटाच्या आत माणसामाणसांत. ज्येष्ठ सरांच्या गटातही एकच जण सगळं खातो आणि बाकीचे तीन गप्प बसतात, असं निघालं तर मला नवल वाटणार नाही.

फेअरशेअर सुरू केलं आणि काहीच फरक पडला नाही, असं मात्र होईल. कारण तो फक्त थांबलेल्यांचा क्रम बदलतो, चालू जॉबला हात लावत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आठही जीपीयूंवर सात-सात दिवसांचे जॉब बसले की तुमची प्राधान्यं कितीही न्याय्य असोत, पुढच्या शुक्रवारपर्यंत ती वापरायची वेळच येत नाही. खरी किल्ली वॉलटाइममध्ये आहे, म्हणजे एका जॉबला सलग किती वेळ मिळणार यात. आठ जीपीयूंवर जॉब पुढेमागे सुरू झालेले असतील आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त सात दिवस असतील, तर सरासरी २१ तासांनी एक जीपीयू मोकळा होतो. कमाल मर्यादा २४ तास केली की दर तीन तासांनी एक मोकळा होतो. यंत्र तेवढंच, पैसा तेवढाच. आणि शुक्रवारी एकदम सुरू झालेले जॉब शनिवारी संध्याकाळी एकदम संपतात, तेव्हा पुढे कोण हे फेअरशेअर ठरवतो.

एवढा एकच बदल करायची मुभा असेल तर मी हाच करीन.

यावर ओरड होणार. “आमचा कोड मध्ये थांबवता येत नाही” असं निदान तीन जण सांगतील. तीनपैकी दोघांचा थांबवता येतो, त्यांनी तो कधी थांबवून पाहिलेला नसतो. रेणूंच्या हालचालींची गणितं करणारं ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी आपणहून चेकपॉइंट, म्हणजे काम कुठवर आलं याची नोंद, लिहीत असतं, फक्त पुढच्या वेळी तिथूनच सुरू कर हे सांगावं लागतं. न्यूरल नेटवर्कचं ट्रेनिंग असेल तर वजनं, म्हणजे नेटवर्क शिकलेले आकडे, साठवलेली असतातच. ऑप्टिमायझरची, म्हणजे ती वजनं सुधारत नेणाऱ्या भागाची, स्थिती साठवायला मात्र मुलं विसरतात, मग पुन्हा सुरू केल्यावर आलेख उडी मारतो आणि ‘चेकपॉइंट चालत नाही’ अशी समजूत होते. नियम लागू करण्याआधी दोन दुपारी बसा, ज्यांना अडचण आहे त्यांना कोड घेऊन बोलवा आणि तिथल्या तिथे करून द्या. ही मदत न देता नुसता २४ तासांचा नियम लावलात तर ती शिक्षा होईल, आणि तीही नेमकी नवशिक्यांना. ज्याचा कोड खरोखरच थांबू शकत नाही त्याच्यासाठी एका जीपीयूची लांब रांग ठेवा, एका वेळी एकच जॉब.

वेळेचा अंदाज खरा लिहायला शिकवा. मोठ्या जॉबसाठी यंत्र जागा जमवत असतं तेव्हा मधल्या फटीत छोटे जॉब बसवण्याची युक्ती म्हणजे बॅकफिल, स्लर्ममध्ये ती असते. पण तीन तासांच्या कामाला सगळेच ‘२४ तास’ लिहायला लागले तर कुणालाच फटीत बसवता येत नाही. खरा अंदाज लिहिणाऱ्याचा नंबर लवकर लागतो, हे मुलांना एकदा रांगेत दाखवा. पुन्हा सांगावं लागत नाही.

साध्या नोडवर आणखी एक पळवाट असते. ६४ कोर (म्हणजे गणितं करणारे भाग) आणि ५१२ जीबी मेमरीच्या नोडवर कुणी दोन कोर आणि ५०० जीबी मागितले, की उरलेले ६२ कोर मेमरीअभावी पडून राहतात आणि हिशेबात मात्र त्याच्या नावावर दोनच कोर लागतात. कोर, मेमरी, जीपीयू यांपैकी ज्याचा हिस्सा सर्वांत मोठा, तोच हिशेबात धरायचा असं स्लर्मला सांगता येतं. ते सांगा.

आता तो जीपीयू अडवणारा मुलगा. त्याला बोलावून झापू नका, झालं असेल तर पुन्हा एकदा नीट बोला. काहीही न चालवता तीन आठवडे जीपीयू धरून कोण बसतं? एकदा सोडला तर पुन्हा मिळणार नाही ही ज्याला धास्ती आहे, तो. रेल्वेत जागेवर रुमाल टाकून ठेवतात ना, तसं. नंबर लागेल हा भरवसा आला की रुमाल टाकायची गरज संपते. त्यासाठी एक जीपीयू दिवसा फक्त तासाभराच्या छोट्या जॉबसाठी ठेवा, कोड चालतो की नाही हे बघण्यापुरता. तुमची कार्डं ए-१०० जातीची असतील तर त्या एका कार्डाचे सातपर्यंत तुकडे करता येतात, म्हणजे एकाच वेळी सात मुलं कोड तपासू शकतील. या एका सोयीने निम्म्या तक्रारी कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत. आणि सगळ्यांना सारखा नियम करा: जीपीयूवर दोन तास काहीच हालचाल नसेल तर ईमेल जाईल, चार तास नसेल तर जॉब बंद होईल. हे काम यंत्राने करावं, तुम्ही नाही. ‘जीपीयू वाया घालवणाऱ्यांची यादी’ दारावर लावण्याचा मोह होईल, तो टाळा. यादीत पहिलं नाव नेहमी सर्वांत नवख्याचं येतं.

मुदतीचे फोन. घाई खरी असू शकते, म्हणून ‘कुणालाही अपवाद नाही’ हे मला पटत नाही. अपवादाची जागा आधीच, सगळ्यांसमोर राखून ठेवायची. हबल दुर्बिणीच्या वेळेचा काही भाग संचालकाच्या अधिकारात राखीव असतो. १९९५ च्या डिसेंबरमध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी त्यातले दहा दिवस आकाशाच्या एका जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या ठिपक्यावर खर्च केले. त्या ३४२ छायाचित्रांतून सुमारे ३,००० दीर्घिका दिसल्या. राखीव वेळ असावा तो अशासाठीच. पण तो राखीव आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कशासाठी दिला तेही सगळ्यांनी पाहिलं. तुमच्याकडे असं करा: प्रत्येक गटाला वर्षातून दोनदा घाईचा हक्क. मागणी एक आठवडा आधी, लेखी. कुणाला, का आणि किती दिला हे सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी. आणि तो वापर त्या गटाच्या हिशेबात नेहमीसारखाच धरला जाईल. परिषदांच्या मुदती महिनोन्‌महिने आधी जाहीर होतात. त्या आदल्या रात्री अकरा वाजता कळत नाहीत.

मागणी मंजूर करणारं माणूस तुम्ही नसावं. तिघांची समिती करा: दोन शिक्षक वेगवेगळ्या विभागांचे आणि एक संशोधक विद्यार्थी, दरवर्षी बदलणारा. स्वतःच्या गटाची मागणी आली की त्याने बाजूला बसायचं. विद्यार्थ्याच्या नावावर कुणी नाक मुरडेल, तरी त्याच्यावर ठाम राहा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते लोक सामायिक पाणी, कुरणं, मासेमारीची ठिकाणं पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकवतात याच्या अभ्यासासाठी. ज्यांना नियम पाळायचा आहे त्यांना तो ठरवताना बोलता येतं, आणि चुकणाऱ्याला पहिल्याच वेळी जबर दंड न होता पायरीपायरीने होतो, अशा ठिकाणी सामायिक गोष्ट टिकते, हे त्यांनी दाखवून दिलं. तुमची रांग वापरणाऱ्यांत शिक्षक थोडे आणि मुलं जास्त आहेत. मग नियम ठरवताना ती खोलीत नको का?

महिन्यातून एकदा एक पान काढा. त्यात प्रत्येक गटाचा वाटा, प्रत्यक्ष वापर, आणि मुख्य म्हणजे जॉबला सुरू व्हायला लागलेला वेळ, निम्म्या जॉबना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त लागला असा मधला आकडा. वापराच्या टक्केवारीवर समाधान मानू नका. अगदी साध्या एका यंत्राच्या गणितात यंत्र ८० टक्के भरलेलं असताना सरासरी वाट कामाच्या चौपट असते, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. आमचे ते ९६ टक्के म्हणजे मुलांची वाट होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या पानाच्या खाली एक ओळ फक्त तुमच्यासाठी असू द्या: गेल्या महिन्यात एकही जॉब न टाकलेली खाती. त्यांना तुम्ही फोन करायचा. चार जण म्हणतील, सध्या गरज नाही. पाचव्याच्या टेबलावर खोडरबर सापडतील.

ज्येष्ठ सरांकडे बैठकीच्या आधी एकट्या जा. त्यांना चारचौघांत कळायला नको. ते खलनायक नाहीत. सुट्टीच्या दोन दिवसांत जॉब टाकणं ही खरं तर चांगली सवय आहे, नियमच नव्हता त्याला ते तरी काय करणार? त्यांना तीन गोष्टी सांगा. यंत्र रिकामं असेल तेव्हा त्यांच्यावर कसलीही मर्यादा नाही. चारशे जॉब एका ॲरेमध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, टाकून एका वेळी आठच चालतील असं बांधता येतं, म्हणजे त्यांचंही काम न अडता होतं. आणि त्यांच्याच गटातली कोणती मुलं मागे राहतात, ते नाव घेऊन दाखवा. तिसरी गोष्ट त्यांना सर्वांत जास्त लागेल. चांगल्या शिक्षकाला लागतेच.

त्यानंतरही रात्री अकराला फोन येईल. उचलू नका, सकाळी हे पाठवा: “सर, जॉब पुढे-मागे करण्याचा अधिकार आता मी माझ्याकडे ठेवलेला नाही. आपल्या गटाचे या वर्षातले घाईचे दोन्ही हक्क शिल्लक आहेत. अर्ज सोबत जोडला आहे, समिती दोन दिवसांत कळवते. तोवर जॉब लहान करायचा असेल तर मी दुपारी तीनला मदतीला बसते.” पुढे स्पष्टीकरण देऊ नका आणि माफीही मागू नका.

एक गोष्ट राहिली, ती तुम्ही कंसात लिहिली आहे. तुमच्या विद्यार्थ्यांची ती वेगळी रांग. रांगेत काय चाललंय हे बघणाऱ्या प्रत्येकाला तिचं नाव दिसतं, दीड वर्ष दिसतं आहे. ‘पक्षपाती’ हा शब्द बहुधा तिथूनच आला, फोनवरून नाही. फारसा वापर होत नसेल तर ती बंद करून तुमचं काहीच जात नाही. वापर होत असेल तर आजच बंद करा. तुमच्या दोघांना समोर बसवून तुम्ही स्वतः सांगा, त्यांना ते पडद्यावरून कळायला नको. मग सगळ्यांबरोबर त्यांचेही जॉब सामान्य रांगेत उभे राहू देत, निदान दोन आठवडे. बैठकीचं पत्रक त्यानंतर काढा.